आमच्या मांजरीला, बर्फीला, वंशावळीचे कागद नाहीत. पिल्लं होऊ द्यावीत का?

बर्फीची आई (पुणे)
आमची बर्फी पर्शियन आहे, डॉलफेस (म्हणजे तोंड फार चपटं नाही), वय १४ महिने. विकणारा म्हणाला होता, "एकदम प्युअर आहे, कागद मागाहून पाठवतो." कागद काही आले नाहीत आणि आता त्याचा फोनही लागत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती माजावर येते. रात्री दोनला असा सूर लावते की खालच्या काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे कुणाचं तान्हं बाळ आलंय का?" आमच्याच सोसायटीत एकांकडे पंचफेस, म्हणजे एकदम चपट्या तोंडाचा, बोका आहे. ते म्हणतात, पैसे नकोत, पहिलं पिल्लू आमचं. सासूबाई म्हणतात, एकदा तरी बाळंत होऊ दे बिचारीला, मग करा काय ते ऑपरेशन. नवऱ्याने चार पिल्लं गुणिले दहा हजार असा हिशोब करून ठेवलाय. खोटं कशाला बोलू, मलाही पिल्लं हवीत. पण मनाला पटत नाहीये. दोन्ही बाजूंनी सांगा.

गच्चीवरची माऊ (ठाणे)
नको. मी आठ वर्षं टाकून दिलेली मांजरं घरी आणते. आधी सगळी गावठी असायची, आता अधूनमधून पर्शियन येतेच. गेल्या पावसाळ्यात एक पार्किंगमध्ये गाडीखाली सापडली. काखेत आणि मागच्या पायांमध्ये केसांचे लिंबाएवढे गोळे झालेले, पाऊल टाकलं की कातडी ताणायची. ट्रिमरने ते काढायला तीन तास लागले. खाली पाहिलं तर सगळा नायटा. आधीच्या घराचा पत्ता लागला तेव्हा कारण काय मिळालं? मुलगी दहावीला गेली, विंचरायला वेळ नाही. तीही कुणीतरी "फक्त एकदाच" म्हणत जन्माला घातलेली असणार.

बोकेवाला (कोल्हापूर)
ताई, टाकणाऱ्यांचं पाप पाळणाऱ्यांच्या माथी का मारता? माझ्या दोन्ही भाट्या (मांजरी) बिनकागदी आहेत. पाच वेळा व्यायल्या, सगळी पिल्लं ओळखीपाळखीत गेली, आजही त्यांचे फोटो येतात. आणि कागद कसले? १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथून हे खूळ वाढलं. आजच्या पर्शियनची जनुकं तपासली तर ती इराणपेक्षा युरोपातल्या मांजरांना जवळची निघतात. म्हणजे नावातच थाप! जातीचे दाखले माणसांना पुरले नाहीत म्हणून आता मांजरांनाही काढायचे का?

तिसरा मजला (पुणे)
पण कागद करून घ्यायला अडचण काय आहे? महापालिकेत २०२२ पासून मांजरांची नोंदणी होते. पन्नास रुपये भरायचे की झालं.

बर्फीची आई
ते केलंय हो. त्यातून बर्फी कुठल्या घरात राहते ते कळतं. तिची आजी कोण, ते महापालिकेला काय माहीत!

चष्मिस (नाशिक)
नेमका हाच घोळ आहे. वंशावळीचे कागद मांजर क्लब देतात, डब्ल्यूसीएफ किंवा सीएफए यांसारख्या संस्थांच्या नियमांनी. बोकेवाले, ते मिरवायला नसतात. आई-बाप, आजी-आजोबा, पणजोबा लिहिलेले असतात, त्यामुळे कोण कोणाचं नातेवाईक ते कळतं. बर्फीच्या आई, एक विचारू का? त्या शेजाऱ्यांनी बोका कुठून घेतला?

बर्फीची आई
थांबा, विचारून सांगते.

बोकेवाला
कागदवाल्या मांजरांना रोग होत नाहीत की काय? पर्शियनच्या मूत्रपिंडात गाठी होण्याचा जो आजार आहे, तो तर शोमध्ये पदकं घेतलेल्या घराण्यांतही निघाला. कागद आजार थांबवत नाही.

चष्मिस
शंभर टक्के मान्य. पण म्हणून तपासणी सोडायची का? उलट आहे ते. तो आजार आई-बापांपैकी एकाकडून आला तरी साधारण निम्म्या पिल्लांना लागतो. मांजर बाहेरून ठणठणीत दिसतं. बहुतेक वेळा सहा-सात वर्षांची झाल्यावर पाणी जास्त पिऊ लागते, वजन उतरतं, तेव्हा कळतं. तोवर तिची पिल्लं अर्ध्या शहरात गेलेली असतात. गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए तपासता येतो. वयाच्या दहा महिन्यांनंतर चांगल्या सोनोग्राफीतही दिसतं. तुमच्या पाच बाळंतपणांपैकी एकीच्या तरी आधी सोनोग्राफी केली होती का?

बोकेवाला
नाही केली. खोटं बोलणार नाही. पण पिल्लं धडधाकट आहेत.

गच्चीवरची माऊ
सर्वात मोठं किती वर्षांचं आहे?

बोकेवाला
चार.

दोन मांजरांची मालकीण (डोंबिवली)
मी मधली. पैशांचं सांगते, कारण नवऱ्याचा तो गुणाकार आमच्या घरीही झाला होता. पंचफेस बोका आणि पहिलटकरीण भाटी. बासष्टाव्या दिवशी रात्री कळा सुरू झाल्या. पहिलं पिल्लू नीट झालं, दुसरं अडलं. या चपट्या तोंडाच्या मांजरांत पिल्लाचं डोकं मोठं असतं, ते मला त्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं, आधी कुणी नाही. दीड वाजता रिक्षा, टॉवेलात गुंडाळलेली मांजर, सिझेरियन. तिसऱ्याची हालचाल पाहून वाटलं वाचेल, पहाटे गेलं. उरली दोन. दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध, कारण आईला शुद्धच नीट नव्हती. पुढे लसी, जंताचं औषध, पिल्लांचं खाणं. शेवटी एक विकलं आठ हजारांना, दुसरं बहिणीला फुकट दिलं. हिशोब बेरजेत आलाच नाही. पिल्लं मात्र लोण्याच्या गोळ्यासारखी, ते नाकारत नाही. त्या दोन महिन्यांइतकी मजा घरात पुन्हा आली नाही.

गच्चीवरची माऊ
सासूबाईंच्या "एकदा बाळंत होऊ दे" यावर: त्याने मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत केली तरी ८६ टक्क्यांनी. बर्फीचा तो टप्पा गेलाय, पण गर्भाशयात पू होण्याचा धोका ऑपरेशनने आजही टळतो. आणि रात्रीच्या सुरावर बाळंतपण हा उपाय नाही. पिल्लांचं दूध सुटलं की तो राग पुन्हा चालू.

बोकेवाला
हे मान्य. माझ्या भाट्याही थांबल्या नाहीत. पण ज्याला त्याला ऑपरेशन करायला सांगितलंत तर पर्शियन पिल्लं फक्त पिंजऱ्यात मांजरं कोंबणाऱ्यांकडेच मिळतील. घरात, माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलेलं पिल्लू वेगळं असतं. बर्फीला तसल्याच माणसाकडून आणलं ना? मग पुढचं पिल्लू तरी चांगल्या घरातलं का असू नये?

चष्मिस
हा तुमचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि आधीच्या चार उत्तरांत तुम्ही तो मांडलाच नाहीत.

बर्फीची आई
विचारून आले. बोका त्याच माणसाकडून घेतलाय. बर्फीच्या आधी पाच-सहा महिने. तोही पांढरा-करडा.

दोन मांजरांची मालकीण
अगं आई गं.

बर्फीची आई
शेजारी म्हणतात, सख्खे असले तरी मांजरांत काही बिघडत नाही. मी त्यांना डीएनए म्हटलं, तर म्हणाले, "आमच्या बोक्याला काय झालंय? वीस ठिकाणी जाऊन आलाय." वीस ठिकाणी!

बोकेवाला
नाही, हा बोका नको. यावर माझं कुणाशी भांडण नाही. पण म्हणून पिल्लंच नकोत असं होत नाही. सांगलीत माझ्या ओळखीचा एक बोका आहे, वय तीन, सोनोग्राफी आत्ता मीच करायला लावतो. बर्फीची तुम्ही करा. लस, रक्ततपासणी सगळं झालं की मग बोलू.

गच्चीवरची माऊ
आणि माझ्याकडे ती पार्किंगवाली आहे. केस आता बोटभर वाढलेत, नायटा गेलाय, नसबंदी झालीये. तीही कुणाच्या तरी घरी जायची वाट बघतेय. पिल्लू नाही, पण मांडीवर बसते.

बर्फीची आई
दोघांनीही फोटो पाठवा. सासूबाईंना दाखवते. ऑपरेशनची तारीख अजून घेतलेली नाही, सोनोग्राफी मात्र शनिवारी करतेय. नवऱ्याने गुणाकाराचा कागद फाडला की नाही ते माहीत नाही. बर्फीने आत्ता पुन्हा सूर लावलाय, उठते.