मदत हवी आहे: शंभर वर्षांपूर्वीचे लग्नाचे जोक मराठीत कसे आणायचे?

मंडळी, १९०० ते १९१५ च्या दरम्यानची अमेरिकन विनोदी साप्ताहिकं वाचतेय, 'पक', 'जज' आणि 'लाईफ' (हे फोटोवालं नाही हं, ते १९३६ नंतरचं, त्याआधी त्याच नावाचं विनोदी होतं), आणि त्यातले लग्नावरचे छोटे संवाद मराठीत करायचा प्रयत्न चाललाय पण पार अडकलेय.

निम्मे जोक एकाच गोष्टीवर, नवश्रीमंत बाप, मुलीला घराण्याचं नाव मिळवून द्यायला निघालेली आई, आणि कर्जात बुडालेला युरोपातला कोणी ड्यूक नाहीतर काउंट. तेव्हाच्या वाचकाला हे सांगावं लागत नसणार, कारण १८९५ मधलं गडगंज अमेरिकन घराण्यातली कन्सुएलो व्हँडरबिल्ट आणि इंग्लंडचा ड्यूक ऑफ मार्लबरो यांचं लग्न सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे ड्यूकला काय म्हणायचं? सरदार म्हटलं की डोळ्यासमोर फेटा आणि तलवार येते, जहागीरदार म्हटलं तर थेट तमाशातला वग. तसाच ठेवला तर जोकला तळटीप द्यावी लागते, आणि तळटीप लावलेला जोक म्हणजे मेलाच की!

त्या काळचा अमेरिकन चित्रकार चार्ल्स डाना गिब्सन, त्याची चित्रं त्यामानाने सोपी. १९०३ च्या एका चित्रात चार बायका भिंगातून एका इवल्याशा पुरुषाला न्याहाळतायत, एकीच्या हातात टाचणी, तिथे भाषांतर लागतच नाही.

पण संवादांचं काय करू? जुन्या मराठी मासिकांची भाषा वापरू की आजची बोली? कोणी असं काही केलं असेल तर एखादा नमुना टाका ना प्लीज.