‘ट्रायअँग्युलेशन’ला मराठीत काय म्हणाल?

नौपाडा, ठाणे: समुपदेशन केंद्रासाठी पालकांचं एक पत्रक मराठीत करतेय. दोघांतला ताण दोघांना झेपेना की तिसऱ्याला मध्ये ओढतात, ही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांची मांडणी. त्याला ‘त्रिकोणीकरण’ लिहिलं, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, “जमिनीची मोजणी आहे का?”

ऐरोली: त्रिकोण नकोच. लोक लगेच तिसरी बाई शोधतात. ‘तिघाडा’ चालेल?

वाशी: तीन तिघाडा काम बिघाडा! पण त्यात तिघंही दोषी वाटतात. त्यापेक्षा ‘लेकी बोले सुने लागे’ बघा. बोलणं एकीशी, नेम दुसरीवर.

नौपाडा: म्हण झकास, पण तिच्यातल्या लेकीला काहीच सोसावं लागत नाही. माझ्यासमोरचा प्रसंग सांगते. तिघं एकाच खोलीत. आई मुलाला म्हणते, “बाबांना सांग, चहा निवतोय.” बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. मुलगा मान वळवून तेच म्हणतो. “आईला सांग, नकोय.” पुन्हा मान इकडे. हातातला गृहपाठ तसाच.

ऐरोली: मग ‘मुलाला निरोप्या करणं’!

वाशी: तो एकच प्रकार झाला. कधी मुलाला बाजू घ्यायला लावतात, कधी त्याच्या खोड्या-दुखण्यांमागे लागून आपलं भांडण बाजूला सारतात. कुटुंबोपचार करणारे साल्वादोर मिनुचिन यांच्या १९७४च्या पुस्तकात हे वेगवेगळं मांडलंय. ‘तिसऱ्याला मध्ये ओढणं’ असंच सरळ लिहा.

नौपाडा: ठरलं. आणि यातून सुटण्याला? ‘तटस्थ राहणं’?

वाशी: तटस्थ म्हणजे काठावर उभा. बोवेन यांना ते नको होतं. दोघांशी नातं ठेवायचं, पण कुणाच्या बाजूने ओढलं जायचं नाही. म्हणून ‘अलिप्त’. कमळाचं पान पाण्यातच असतं.

ऐरोली: व्युत्पत्ती मान्य. पण सुनेला ‘अलिप्त राहा’ म्हणून बघा, संध्याकाळच्या आत माहेरी फोन जाईल.

वाशी: हं. मग शब्द सोडा, वाक्य द्या: “आई, हे तुम्ही त्यांनाच विचारा ना.” असं म्हणून तिथून उठायचं नाही, शेजारी बसून भाजी निवडत राहायचं.

नौपाडा: हे घेते. मिनुचिन बैठकीत माणसांच्या जागाच बदलायचे, मधल्या मुलाला बाजूला बसवून आईवडलांना समोरासमोर बोलायला लावायचे. त्याला ‘जागापालट’ केलंय. आता शेवटचं: घरातल्या माणसांमधल्या ‘बाउंड्री’ला, म्हणजे कुणी कुणाच्यात किती शिरायचं त्या रेषेला, सीमा, हद्द की मर्यादा?

ऐरोली: हद्द. मर्यादा लिहिलीत तर ती फक्त सुनेलाच लागू होईल.