विशीत वाचलेलं आणि अजून पाठ न सोडणारं पुस्तक

काल माळा आवरताना माझी नेमाड्यांची 'कोसला' सापडली. मुखपृष्ठ सुटलेलं, समासात शिसपेन्सिलीने माझंच अक्षर: 'अगदी!', 'हा मीच'. एकोणिसाव्या वर्षी वाचली आणि पुढे वर्षभर त्यातल्या पांडुरंगासारखं प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' घुसवत होते, घरच्यांनी हात टेकले. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, त्या पानांवर मात्र एकही खूण नाही. पानं नुसती मऊ पडलीयेत. तेव्हा धाकटा भाऊ दवाखान्यात होता, एवढंच सांगते. तुमचं कुठलं? लिहा ना.

—

मृत्युंजय. पहिली नोकरी, साहेब सगळ्यांदेखत बोलला की मी मनातल्या मनात कर्ण व्हायचो. सहा जण आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात, त्यातला शेवटचा कृष्ण मी कंटाळून सोडलेला. त्यामुळे माझा कर्ण दोन वर्षं मेलाच नाही 😄

—

वरच्या कर्णाला दंडवत 🙏

—

लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष, माझं रडणं चालूच. इथे नवरा धर्म बदलतो, बाईवर आभाळ कोसळतं, आणि तीच बाई पुढे असं काही लिहिते की फस्सकन हसू येतं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पहिला भाग आला 1934 साली! सासूबाईंचं आणि माझं त्यातल्या सोवळ्यावरून जे काही... थांबा, मशीन वाजलं, कपडे वाळत घालून येते.

—

बलुतं. दया पवार दगडूशी बोलतात, म्हणजे स्वतःशीच. मला कुणी आडनाव विचारलं की मी विषय बदलायचो, त्यात तरबेज होतो. वाचून झाल्यावर लगेच छाती काढून फिरलो असं नाही. तीनेक महिन्यांनी एकाने विचारलं, सांगून टाकलं. त्याने 'बरं' म्हटलं आणि पेन परत दिलं.

—

❤️

—

'एक होता कार्व्हर' वाचून शेतकी कॉलेजला गेलो. आता बँकेत आहे. लेखिका वीणाताईंचा काही दोष नाही.

—

कुणाकडे 'रणांगण' आहे का? माझी प्रत मैत्रिणीने नेली. तिचं लग्न झालं, मुलं झाली, प्रत काही आली नाही. त्यातली हॅर्टा अजून बोटीवरच.

—

बारीक पुस्तकंच जातात हो. जाडजूड कुणी मागत नाही. माझ्याकडून 'बनगरवाडी' तीनदा गेली.

—

तीनदा दिलीत कशाला मग?

—

गोष्टच नव्या मास्तराची, म्हणून नवीन मास्तर दिसला की द्यावीशी वाटते. सवय.

—

आले कपडे घालून. काय सांगत होते? जाऊ दे, सासूबाई आल्या, त्यांनाच विचारते.

—

ताई, भाऊ बरा झाला ना पण? कोसलावाल्या ताई?

—

झाला हो! अजून मला 'उदाहरणार्थ' अशीच हाक मारतो. आत्तासुद्धा फोन त्याचाच येतोय.