प्रेसिडेंट प्रो टेम्पोरे: 'हंगामी' चालेल का?

तळटीप
रॉबर्ट बर्ड या अमेरिकी सिनेटरवरचा एक लेख मराठीत करतेय. १९५९ च्या जानेवारीत वेस्ट व्हर्जिनियातून सिनेटमध्ये गेले, ते जून २०१० मध्ये वारले तोवर तिथेच. सलग नऊ वेळा निवडून आले, एकूण ५१ वर्षं. त्यांच्या एका पदाशी गाडी अडलीय: प्रेसिडेंट प्रो टेम्पोरे. मी 'हंगामी अध्यक्ष' लिहिलं होतं. संपादकबाईंनी खोडून शेरा मारला, "हंगामी म्हणजे चार दिवसांचा. हा गृहस्थ तुकड्यातुकड्यांनी अकरा वर्षं त्या पदावर होता." काय करू?

आगाऊ
खोडायचं काय त्यात? प्रोटेम स्पीकरला आपल्याकडे हंगामी अध्यक्षच म्हणतात. २०२४ च्या डिसेंबरात कालिदास कोळंबकर होते. आमदारांना शपथ दिली, नवा अध्यक्ष बसला, विषय संपला.

शुद्धमती
आधी 'अध्यक्ष' काढा. विधानसभेला अध्यक्ष, विधान परिषदेला सभापती. सिनेट वरिष्ठ सभागृह आहे, म्हणून सभापती. आणि 'हंगामी' फारसी आहे. 'तात्पुरते सभापती' म्हणा. तत् + पुरता, अस्सल घरचा शब्द.

आगाऊ
घरचा शब्द आणून अडचण आणखी वाढवलीत. अकरा वर्षं तात्पुरते?

मिनेसोटाकर
नावाचा घोळ मुळात अमेरिकेतलाच आहे. सिनेटचा पदसिद्ध अध्यक्ष म्हणजे देशाचा उपराष्ट्राध्यक्ष. तो गैरहजर असला की तेवढ्यापुरता एक जण निवडायचे, म्हणून प्रो टेम्पोरे, लॅटिनमध्ये 'त्या वेळेपुरता'. १८९० मध्ये सिनेटने ठरवलं की दरवेळी नव्याने निवडायला नको, दुसरा निवडेपर्यंत आहे तोच राहील. नाव जुनं राहिलं, पद पक्कं झालं. पुढे बहुमतातल्या पक्षाचा सर्वांत जुना सदस्य तिथे बसवायची पद्धत पडली. म्हणून बर्ड १९८९ ला बसले, १९९५ ला बहुमत गेलं तसे उतरले, बहुमत आलं की पुन्हा बसले. १९४७ च्या कायद्याने हे पद राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसांच्या रांगेत तिसरं आहे. कामाकडे पाहिलं तर राज्यसभेचे उपसभापती जवळचे, कारण तिथेही उपराष्ट्रपतीच सभापती.

तळटीप
'उपसभापती' लिहिलं तर ज्येष्ठतेचा आणि वारसाचा मुद्दा उडतो ना पण?

ऊसकरी
ताई, साखर कारखान्यात या. आमच्याकडे कामगारांत 'हंगामी कायम' अशी वर्गवारीच आहे. दरवर्षी गाळप सुरू झालं की हजर, पट्टा पडला की घरी, पण पुढच्या हंगामाला जागा त्याचीच. माझे वडील निवृत्तही हंगामी कायम म्हणूनच झाले. बहुमताचा हंगाम आला की खुर्ची, गेला की घरी: तुमचे बर्डसाहेब हंगामी कायम सभापती!

जुनी वही
ऊसकरी, हे फार आवडलं. फारसीत 'हंगाम' म्हणजे नुसता काळ, वेळ. 'चार दिवसांचा' हा अर्थ आपण चिकटवला. म्हणजे प्रो टेम्पोरेला हंगामीइतका नेमका शब्द दुसरा नाही. हंगामाही त्याच घरातला, तोही सभागृहात चालतोच.

शुद्धमती
'हंगामी कायम' हे वदतोव्याघाताचं उदाहरण म्हणून व्याकरणात शोभेल. छापील लेखात नको. 'महापौर' शब्द आला तेव्हाही लोक हसले असतील, आज मेयर कोण म्हणतं? नवा शब्द घडवायचा कंटाळा म्हणजे वापर नव्हे.

आगाऊ
'कंटाळा' तरी संस्कृतातून आणलात का?

कृष्णाकाठ
या माणसाच्या पदाची एवढी चिंता? तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेत होता, स्थानिक शाखेचा म्होरक्या. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध रात्रभर १४ तास १३ मिनिटं बोलत उभा होता. लेखात 'ज्येष्ठ संसदपटू' लिहून सोडलं नाहीत ना?

तळटीप
नाही हो, ते सगळं आहे. त्या भाषणानंतर लगेच मतदान होऊन ७१ विरुद्ध २९ ने चर्चा बंद केली, तेही. पुढे क्लॅनमध्ये जाणं ही घोडचूक होती असं ते म्हणत राहिले, २००८ ला ओबामांना पाठिंबा दिला. पण आता तुम्ही विषय काढलाच आहे तर, फिलिबस्टरला, म्हणजे मतदान अडवायला भाषण लांबवत राहण्याला, मी 'चर्चेचं गुऱ्हाळ' लिहिलंय.

ऊसकरी
निषेध! गुऱ्हाळातून निदान काकवी तरी निघते. ह्याला चऱ्हाट म्हणा.

जुनी वही
मूळ शब्द डचमधून स्पॅनिशमार्गे आलेला, अर्थ समुद्री लुटारू. सभागृह ओलीस धरणं हा भाव चऱ्हाटात येत नाही.

मिनेसोटाकर
चाचेगिरी फक्त बोलण्याची नव्हती. १९८८ ला बर्ड बहुमताचे नेते असताना विरोधक गणपूर्ती होऊ देईनात. यांनी गैरहजरांना पकडून आणायचा हुकूम काढला आणि बॉब पॅकवुड नावाच्या सिनेटरला पोलिसांनी उचलून सभागृहात आणलं. कृष्णाकाठ यांचं म्हणणं मान्यच आहे, पण बर्डना नियमपुस्तक तोंडपाठ होतं. कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढले, वेल्डर होते, खाटकाचं काम केलं, खासदार असताना रात्रीच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली.

कृष्णाकाठ
नियम पाठ असल्यामुळेच तर ते १४ तास जमले. यात कौतुक कसलं?

शुद्धमती
ते राहू द्या. १९७१ ला एडवर्ड केनेडींना हरवून ते पक्षाचे व्हिप झाले. तिथे 'प्रतोद' लिहिलंत ना? बघा, रथाचे घोडे हाकायचं साधन, किती चपखल.

ऊसकरी
प्रतोद कुणी हातात धरलाय? आम्ही पराणी म्हणतो. टोकाला आर असते, बैलाला बरोबर कळतं.

जुनी वही
पराणी हा 'प्राजन'वरून आला असावा.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडं तिले तुतारी म्हणतात.

आगाऊ
तुतारी फुंकायची असते हो.

वऱ्हाडी ठेचा
तुमी फुका. आमी बैल हाकलतो.

तळटीप
अहो, संपादकबाईंना संध्याकाळी उत्तर द्यायचंय. हंगामी, तात्पुरते की उपसभापती?

शुद्धमती
'आर' स्त्रीलिंगी कशी? आमच्याकडे तो आर.