अनुभव धागा: नव्या इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करताना

गाडी बुक करून ठेवली, नंबर लागायला अवकाश आहे आणि मधेच बेत बदलला. तिकडे कुणीतरी त्याच गाडीसाठी रांगेच्या शेपटाला उभं आहे. आपला नंबर त्यालाच देऊन टाकावा, असं वाटणं साहजिक आहे. हे कितपत जमतं, कुठे अडतं आणि का अडतं, हे ज्यांनी हाताळलं आहे त्यांनी लिहावं. रामकहाणी नको, कामाचं तेवढं द्या.

किलोवॉट
आधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते बघा. बोलताना आपण सरसकट 'बुकिंग' म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे रांगेतली नुसती जागा: टोकन रक्कम भरलेली, बहुधा परत मिळणारी, रंग-व्हेरिएंट काही ठरलेलं नाही. दुसरी ऑर्डर: व्हेरिएंट, रंग, चाकं निवडून झाली आणि भरलेल्या पैशांतला काही भाग आता अडकला. तिसरी अलॉटमेंट: एका ठरावीक गाडीचा चासी नंबर (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) तुमच्या ऑर्डरला जोडला गेला.

नाव बदलायला पहिला टप्पा सगळ्यात सोपा वाटतो, कारण तिथे फक्त एक नोंद असते. प्रत्यक्षात कंपन्या तिथेच जास्त कडक असतात, रांगेतल्या जागांचा बाजार भरू नये म्हणून. ऑर्डरच्या टप्प्यात विक्री प्रतिनिधी थोडंफार करू शकतो. अलॉटमेंटनंतर इनव्हॉइस, म्हणजे पक्कं बिल, निघेपर्यंतच काय ती मुदत. ते निघालं की आधीचं रद्द करून नवं काढावं लागतं, आणि त्याला सहसा कुणी तयार होत नाही.

बुकिंगच्या अटींची पीडीएफ उघडून 'हस्तांतरण' हा शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी 'हस्तांतरणीय नाही' असंच सापडेल. मात्र ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. पुढे 'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय' असं असेल तर दार उघडं आहे.

कागदघोडे
वरच्यात भर. 'ट्रान्सफर' म्हणून अर्ज केला की नकार येतो, आणि तोच मामला 'खरेदीदाराच्या नावात बदल' म्हणून मांडला की होतो, असं बऱ्याचदा घडतं. पळवाट नाही ही. पती-पत्नी, एकाच पत्त्यावरचे आईवडील किंवा मुलं, मालकाची स्वतःची फर्म, बुकिंग करणारा वारल्यास वारस, यांच्यासाठी अनेक कंपन्यांकडे वेगळी वाट असते. नात्याचा किंवा मालकीचा पुरावा मागतात. त्रयस्थाला नातेवाईक म्हणून दाखवायच्या भानगडीत पडू नका, ओळखपत्रावरचा पत्ता जुळला नाही की तिथेच अडकाल.

दोघांच्या सहीचं एकच पत्र करा. त्यात बुकिंग क्रमांक, बुकिंगची तारीख, व्हेरिएंट-रंग, भरलेली रक्कम आणि पावती क्रमांक, दोघांची नावं ओळखपत्रावर आहेत तश्शीच. शिवाय दोन वाक्यं हवीतच: मूळ व्यक्तीचा या बुकिंगवर यापुढे हक्क नाही, आणि टोकन रक्कम नव्या खरेदीदाराच्या खाती धरावी. दुसरं वाक्य विसरलं की गाडीच्या हिशेबात ती रक्कम वजा होत नाही, आणि मग पैसे तिघांच्या मधे लोंबकळत राहतात.

रांगेतला
एक बारकावा राहिला. नाव बदलल्याचा मेल आला म्हणून हुरळून जाऊ नका, त्यात बुकिंगची *तारीख* जुनीच आहे ना ते पाहा. काही यंत्रणा नाव बदलताना आतून जुनी नोंद बंद करून नवी उघडतात. क्रमांक बदलला, तारीख आजची पडली, म्हणजे नंबर गेला आणि बांधलेली जुनी किंमतही गेली. मग एवढा खटाटोप कशाला केला?

रंग किंवा बॅटरी पॅक बदलायचा असेल तर नाव बदलून झाल्यावर वेगळी विनंती करा. दोन्ही एकदम केलं की ती सरळ नवी ऑर्डर धरली जाण्याची शक्यता वाढते. खरं तर घेणाऱ्याने गाडी आहे त्या रंगात पसंत असेल तरच यात पडावं.

हिशेबी
पैशांचं सांगतो. रिफंड नेहमी ज्या मार्गाने रक्कम आली त्याच मार्गाने परत जातो. मूळ कार्ड बंद झालं असेल तर रिफंड बँकेत फिरत राहतो, म्हणून आधी ते तपासा. घेणाऱ्याने टोकनची रक्कम मूळ व्यक्तीला परस्पर द्यायची असेल तर लेखी मान्यता हातात आल्यावरच, बँकेतून, संदर्भात बुकिंग क्रमांक टाकून. वर 'प्रीमियम' मागत असेल तर दोनदा विचार करा. अटींत फायद्यासाठी हस्तांतर केल्यास बुकिंग रद्द, असं कलम असू शकतं.

आणि 'गाडी माझ्या नावावर उतरवून घेतो, मग तुला विकतो' हा उपाय स्वस्त वाटतो, तसा तो नसतो. नोंदणी दोनदा, विमा दोनदा, आणि नवी कोरी गाडी कागदावर सेकंडहँड. वित्तसंस्था नव्या गाडीचा व्याजदर देत नाही. पहिल्या मालकासाठीची सवलत दुसऱ्याला मिळत नाही, उलट ठरावीक मुदतीच्या आत विकली म्हणून पहिल्याकडून ती वसूल होऊ शकते. बॅटरीची नेहमीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची हमी सहसा गाडीबरोबर जाते. 'आजीवन' म्हणून जाहिरात केलेली हमी मात्र बऱ्याचदा पहिल्या नोंदणीकृत मालकापुरतीच असते, मालक बदलला की ती वर्षांत आणि किलोमीटरांत मोजली जाते.

काही करारांत पुनर्विक्रीवरच बंदी असते. टेस्लाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपच्या करारात घातलेलं कलम प्रसिद्ध आहे: पहिल्या वर्षात परवानगीशिवाय विकल्यास ५०,००० डॉलर किंवा विक्रीतून आलेली रक्कम, यांतलं जे जास्त असेल त्याची भरपाई.

किलोवॉट
@हिशेबी, सवलतीत बुकिंगची तारीखही कधीकधी धरतात, तिथे गफलत होते. अमेरिकेत १६ ऑगस्ट २०२२ ला इलेक्ट्रिक गाड्यांच्या करसवलतीचे नियम बदलले, तेव्हा त्याआधी 'बंधनकारक लेखी करार' असलेल्यांनाच जुना नियम लागू झाला. पूर्ण परत मिळणारी टोकन रक्कम म्हणजे असा करार नव्हे. त्यामुळे जुन्या तारखेचं बुकिंग घेतलं म्हणून जुनी सवलत मिळेल, असं गृहीत धरू नये. सवलत खरेदीदाराची असते, रांगेतल्या जागेची नव्हे.

फ्यूज
चार्जरचा विचार कुणी करत नाही. बुकिंगमध्ये घरचा चार्जर धरलेला असेल तर त्याची पाहणी मूळ पत्त्यावर झालेली असते. नाव बदललं तरी पत्ता वेगळ्या नोंदीत असतो, तो वेगळा बदलावा लागतो आणि पाहणी नव्याने होते. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ३२ अँपिअर म्हणजे साधारण ७.४ किलोवॉट. ११ किलोवॉटचा चार्जर थ्री फेज मागतो, दर फेजला १६ अँपिअर. आधीच्याकडे थ्री फेज आणि नव्याकडे सिंगल असेल तर ११ चा चार्जर येऊन पडेल आणि पूर्ण ताकदीने चालणार नाही. वीजजोडणीचा मंजूर भार आणि अर्थिंग तपासून घ्या. चार्जर आधीच्याकडे *बसवून झाला* असेल तर तो विसरा, त्याचे पैसे आपसात मिटवा.

चौथा गिअर
(ईव्हीत नसतो, माहीत आहे.)

फसवणुकीबद्दल. एकच बुकिंग तिघांना विकता येतं, कारण स्क्रीनशॉट कितीही काढता येतात. त्यामुळे स्क्रीनशॉट पुरावा नाही. समोरच्याने आपल्या फोनवर लॉग-इन करून पान रिफ्रेश करून दाखवावं, किंवा दोघांनी मिळून विक्री केंद्रात जाऊन क्रमांक तपासावा. ओटीपी कुणीही कुणाला देऊ नये.

'माझा लॉग-इन आणि पासवर्डच घे' ही सगळ्यात वाईट सूचना. या गाड्यांत ते खातं म्हणजे जवळपास किल्लीच. अ‍ॅपमधून दार उघडतं, गाडी कुठे उभी आहे ते दिसतं, चार्जिंगचं बिल त्यात नोंदवलेल्या कार्डावर जातं. वर इनव्हॉइस जुन्याच नावाने निघतं. अशा खात्यातून घेतलेली गाडी कागदोपत्री तुमची नसतेच.

रांगेतला
कंपनीने साफ नकार दिला तर एक मार्ग उरतो, खात्रीचा नव्हे. अलॉटमेंट झालेली ऑर्डर रद्द केली की ती गाडी विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या मोकळ्या साठ्यात येते. म्हणून रद्द करण्या*आधी* विक्री प्रतिनिधीशी बोला: ही गाडी सुटल्यावर अमुक ग्राहकाला द्याल का? घेणाऱ्याचं स्वतःचं बुकिंग, त्याच व्हेरिएंटचं, आधीच तयार हवं आणि कर्ज मंजूर हवं. डीलरमार्फत विक्री असेल तर हे जमण्याची शक्यता बरी असते, कारण वाटप त्याच्या हातात असतं. कंपनी थेट ऑनलाइन विकत असेल तर गाडी यंत्रणेच्या क्रमाने पुढच्याकडे जाते, तिथे कुणाचं फारसं चालत नाही. किंमत आजचीच लागेल, हे धरून चाला.

कागदघोडे
कर्जाचं एक राहिलं. मंजुरीपत्रावरचं नाव, प्रोफॉर्मावरचं (बिलाआधीच्या अंदाजी बिलावरचं) नाव आणि विम्यावरचं नाव एकच हवं, आद्याक्षरांसकट. नाव बदलल्यावर प्रोफॉर्मा नवा मागून घ्या, जुन्यावर खाडाखोड चालत नाही. जुनी गाडी देऊन मिळणारा एक्स्चेंज बोनस किंवा नोकरीच्या ठिकाणामुळे मिळणारी सूट मूळ व्यक्तीच्या नावाला चिकटलेली असते, ती गळून पडते. नव्या प्रोफॉर्मातला आकडा जुन्यापेक्षा मोठा दिसला तर आधी हेच तपासा.

चौथा गिअर
डिलिव्हरीच्या दिवशी गाडीच्या पडद्यावर मालकाचं प्रोफाइल कुणाचं आहे ते बघा. जुनं खातं जोडलेलं असेल तर तिथेच काढायला लावा, मग किल्ली घ्या. या सगळ्यात गाडी बरेच दिवस यार्डात उभी राहिली असेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असू शकते, तिचा व्होल्टेज मोजून मागा आणि टायरमधली हवाही तपासा.