मदत हवी आहे: पैशाचे व्यवहार शिकवताना मुलांच्या घरची परिस्थिती वर्गात उघडी पडू नये म्हणून काय करता?

नमस्कार. मी नववी-दहावीला गणित शिकवते. यंदा आर्थिक साक्षरतेसाठी आठवड्याला एक तास मिळालाय. हिशेब शिकवणं जमतंय, अडलंय भलतीकडेच.

मागच्या आठवड्यात फळ्यावर एक कर्ज मांडलं. रक्कम १०,०००, मुदत एक वर्ष, फ्लॅट व्याज १२ टक्के. म्हणजे व्याज १,२०० आणि १२ समान हप्ते, प्रत्येकी साधारण ९३३. मुलांना वाटलं, झालं गणित. मग विचारलं, सहा हप्ते भरल्यावर मुद्दल किती उरलं? जवळपास निम्मं फिटलेलं, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर! उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

तास संपल्यावर एक मुलगा टेबलाशी आला. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने रक्कम, हप्ता, महिने लिहून आणले होते. "मॅडम, याचा खरा दर काढून द्याल?" कर्ज कोणाचं, ते मी विचारलं नाही. दर काढून दिला. त्याने आकड्याखाली दोनदा रेघ ओढली, वही मिटली आणि गेला. तेव्हापासून तो तासाला गप्प असतो.

त्याआधी माझ्याकडून एक चूक झाली होती. 'घरचा महिन्याचा खर्च लिहून आणा' असा गृहपाठ दिला. तीन वह्या कोऱ्या आल्या, दोघींचे आकडे हुबेहूब सारखे. पुन्हा असं कधीच देणार नाही.

आता काल्पनिक कुटुंब घेते: उत्पन्न, भाडं, मध्येच एक आजारपण. पण कुटुंब आपलं नाही म्हटल्यावर मुलं बेधडक कात्री लावतात. "औषधं पुढच्या महिन्यात घेतील." उत्तर जुळतं, पण निर्णयाचं ओझं कोणालाच जाणवत नाही. पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ पासून १५ वर्षांच्या मुलांची आर्थिक साक्षरता तपासतात. त्यातला एक नमुना प्रश्न आवडला: बिलात मागवल्यापेक्षा एक टी-शर्ट जास्त लावलाय, तर दुरुस्त बिल किती? अशी हाताळायला खरी कागदपत्रं कोणी वापरली आहेत का?

आणि मुख्य म्हणजे, त्या मुलाशी मी आपणहून बोलावं का? बोलले तर तो आणखी मिटेल अशी भीती वाटते. असा प्रसंग आलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही सुरुवात कशी केलीत?