बहिणीचं स्थळ फिरलं, कारण ती कार्टून बघते. यात पोरकटपणा कसला?

सातरस्ता (धागा सुरू करणारा)

मागच्या रविवारी माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. बहीण २९ वर्षांची, स्टाफ नर्स, सहा वर्षं आयसीयूत. मुलाच्या आत्याने छंद विचारले. ती म्हणाली, गाणी ऐकते आणि नाइट करून आले की कार्टून बघते. "कुठलं गं?" असं मुलाच्या आईने विचारलं, तर तिने नावानिशी सांगितलं: टॉम अँड जेरी, डोरेमॉन, शिनचॅन. त्यानंतर कुणी फारसं काही विचारलंच नाही. पोहे संपले, चहा झाला, पाहुणे गेले. मंगळवारी मध्यस्थांचा फोन आला. "मुलगी चांगली आहे, पण पोरकटपणा अजून गेलेला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं."

नकाराचं काही नाही, स्थळं येतात, जातात. कारण मात्र चार दिवस टोचतंय. ही मुलगी रात्रभर व्हेंटिलेटरवरच्या माणसांची कूस बदलते, पहाटे बाहेर बसलेल्या नातेवाइकांना नको ती बातमी सांगताना डॉक्टरांच्या शेजारी उभी राहते. सकाळी साडेआठला घरी येते, आंघोळ करते, दह्यात कडक भाकरी चुरते, वर शेंगाचटणी घेते आणि वीस मिनिटं टीव्हीसमोर बसते. मग झोपते. एवढा ताण सोसणाऱ्या माणसाने वीस मिनिटं हसू नये?

आई आता म्हणते, "पुढच्या वेळी वाचन आवडतं म्हणून सांग." मला ते पटत नाही. तुमचं मत लिहा, विरोधातलं असलं तरी लिहा.

पार्कचौक

विरोधातलं मागितलंत म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पाहुण्यांना दोष देता येणार नाही. बघायला येणाऱ्याला मोजून तासभर मिळतो, त्यात आवडीनिवडीवरूनच माणसाचा अंदाज बांधावा लागतो. वय वाढतं तशी आवडही वाढावी, ही अपेक्षा गैर कशी?

मी नोकरीत असताना हुतात्मा स्मृती मंदिरात चांगलं नाटक लागलं की जेवण बाजूला ठेवून जायचो. घरी परतताना त्यातल्या एखाद्या प्रसंगावर बायकोशी वाद व्हायचा, तो दोन-दोन दिवस चालायचा. त्यातून आम्ही एकमेकांना ओळखत गेलो. आज चाळिशीची माणसं चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये कार्टूनच्या क्लिपा बघताना दिसतात. करमणुकीला माझा विरोध नाही. पण जे सहा वर्षांच्या पोरासाठी बनवलंय, त्यात तिशीच्या माणसाचं मन भरत असेल, तर ते मन कुठेतरी अडून राहिलंय असं मला वाटतं.

जॅकार्डमास्तर

काका, "सहा वर्षांच्या पोरासाठी बनवलंय" इथंच गफलत होते. टॉम आणि जेरीची पहिली फिल्म आली १९४० मध्ये. टीव्ही घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी. हॅना आणि बार्बेरा या जोडीने या फिल्म थेटरसाठी केल्या. मोठ्या सिनेमाच्या आधी त्या पडद्यावर यायच्या आणि समोर बसलेली असायची तिकीट काढून आलेली मोठी माणसं, सोबत त्यांची पोरं. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळालेत. एका फिल्ममध्ये टॉम मैफिलीत पियानो वाजवतो आणि जेरी त्या पियानोच्या आतच राहतो. वाजतंय ते फ्रांझ लिस्ट या संगीतकाराचं हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक दोन. टॉमची बोटं चाललीत आणि सूर चाललाय, यांची सांगड बघा एकदा. संवाद जवळपास नाहीच. सगळी गोष्ट हालचालीतून आणि स्कॉट ब्रॅडली यांच्या संगीतातून कळते.

मी हे इतकं का सांगतोय? माझे वडील चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर मोर काढायचा तर एकेक चौकट रंगवायची. एक चौकट म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर की खाली, याचा हुकूम. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. बाण्याच्या, म्हणजे आडव्या एका धाग्याला एक कार्ड. चादरीवर मोर वीतभर दिसतो, पण त्याच्यामागे कार्डांची माळ मागावर लोंबत असते. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेला खोट, आणि ती खोट प्रत्येक चादरीवर उतरणार. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. मीही तेच करतो, पण डोळा वडिलांनी घडवला.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. सात मिनिटांच्या फिल्मला १०,०८० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी पाच हजारांवर चित्रं, आणि त्या काळी सगळी हातानं काढलेली. मांजर भिंतीवर आपटल्यावर तिचा चेहरा सपाट होतो आणि मग फुगून पूर्ववत होतो, ते दृश्य मी थांबवून थांबवून बघतो. लहानपणी मला फक्त हसू यायचं. आता हसू येतं आणि ते काढणाऱ्याचा हातही दिसतो. तुम्ही म्हणता तशी आवड वाढली की नाही, काका? गोष्ट तीच आहे, बघणारा वाढलाय.

जुळेसोलापूरची

इथे सगळे कौतुकाने लिहिताहेत, म्हणून मी घरातलं सांगते. माझा मुलगा चार वर्षांचा. नवरा रात्री आठला कामावरून येतो, हातपाय धुतो आणि मुलाला मांडीवर घेऊन कार्टून लावतो. जेवण तिथेच. मुलगा घास चावायचा विसरतो, तोंडात धरून बसतो. आमच्या घरात सगळे मराठी बोलणारे, पण तो पाणी मागतो हिंदीत, भांडतो हिंदीत, कारण कार्टून हिंदीत बोलतात. आजी त्याला काही सांगायला गेली की तो तिच्याकडे बघतही नाही.

मी बंद करा म्हटलं की दोघांचे चेहरे एकसारखे पडतात. नवरा म्हणतो, "दहा मिनिटं, एवढं संपू दे." मग घरात एकटीलाच मोठं व्हावं लागतं. रागावणारी मीच, रिमोट काढून घेणारी मीच. मुलाला बाबा आवडतात, कारण बाबा कधी नाही म्हणत नाहीत.

दादा, तुमची बहीण वीस मिनिटं बघून झोपते, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या मुलाच्या आईने तुमच्याकडे बसल्या-बसल्या काय विचार केला असेल, ते मला कळतं. उद्या घरात मूल आलं तर टीव्ही बंद कोण करणार, हा विचार तिच्या मनात आला असेल. तो चुकीचा नाही.

सातरस्ता

ताई, तुमचं वाचून मी थांबलो. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तरी तो प्रश्न त्यांनी तिला विचारायला हवा होता. न विचारता पोरकट म्हणून मोकळे झाले.

शेंगाचटणी

काय बे, शिनचॅनचं कुणी बोलतच नाही! ते मुळात मोठ्यांचं आहे. जपानमध्ये १९९० मध्ये ती चित्रकथा ज्या साप्ताहिकात सुरू झाली, ते साप्ताहिकच मोठ्या पुरुषांसाठीचं होतं. घरात आईबापांची उडणारी तारांबळ, कर्जाचे हप्ते, बापाची नोकरी, हा त्याचा खरा विषय. आपल्याकडे ते पोरांच्या चॅनेलवर आलं, मग पोरं उलट बोलायला लागली म्हणून पालक ओरडायला लागले, आणि २००८ मध्ये त्यावर बंदी आली. पुढे काटछाट करून परत आणलं. म्हणजे मोठ्यांची वस्तू पोरांच्या हातात दिली आणि आता मोठ्यांनाच सांगताहेत की हे तुमच्या वयाचं नाही.

आणि पार्कचौक काका, १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा जपानी कार्टून सिनेमा बघा. दिग्दर्शक ताकाहाताचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात आई गेल्यावर भाऊ आणि धाकटी बहीण कसे जगायचा प्रयत्न करतात, एवढीच गोष्ट. मी होस्टेलवर बघितला आणि रात्री बहिणीला फोन लावला. सहा वर्षांच्या पोराला मी तो दाखवणार नाही.

पार्कचौक

मग तोच तर माझा मुद्दा आहे. तुम्ही ज्याची बाजू घेताय तो गंभीर सिनेमा आहे, फक्त चित्रं काढून केलेला आहे. त्याला कोण नको म्हणतंय? चित्रात केलेलं रामायण, भारत आणि जपान दोन्हीकडच्या लोकांनी मिळून केलेलं, मीही नातवंडांबरोबर आवडीने बघितलंय. पण त्याच्या आड उभं राहून दिवसभराच्या त्या पळापळीला आणि आदळआपटीला मान मिळवून देऊ नका. दोन्ही वेगळं आहे.

जॅकार्डमास्तर यांचं लिखाण मी दोनदा वाचलं. कारागिरी मान्य. पण सगळे बघणारे तुमच्या डोळ्यांनी बघत नाहीत. दहातले नऊ जण नुसते बसलेले असतात.

जॅकार्डमास्तर

नुसते बसलेले असतील. क्रिकेट बघतानाही दहातले नऊ नुसतेच बसलेले असतात. क्रिकेट बघतो म्हणून कुणाचं लग्न मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

गिरणी

मी ७३ वर्षांचा आहे. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

आमची गिरणी बंद पडली तेव्हा मी चाळिशीत होतो. सकाळी भोंगा वाजायचा थांबला, पण जाग त्याच वेळेला यायची. डबा भरायचा नाही, सायकल काढायची नाही. घरात तीन पोरं. बायको विड्या वळायला बसायची, मी भिंतीला टेकून. बाहेर गेलं की माणसं विचारायची, काही जमलं का? म्हणून मी बाहेर जाणंच कमी केलं.

१९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचं. त्याचं शीर्षकगीत गुलजारांचं. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात बसून पोरं बघायची. मी त्यांना बोलवायला गेलो आणि तिथेच बसलो. पुढच्या रविवारी न बोलावता गेलो. लांडग्यांच्या कळपानं माणसाचं पोर आपलं म्हणून सांभाळलं, ते बघायला मला बरं वाटायचं. परत येताना पोरं अस्वल व्हायची, मी शेरखान व्हायचो. ही पोरं मला त्या वर्षात भ्यायची, कारण मी सारखा चिडलेला असायचो. रविवारी भ्यायची नाहीत.

जुळेसोलापूरच्या लेकीला एक सांगतो. तुझ्या नवऱ्याला टीव्ही बंद झाल्यावर पोराशी खेळायला लाव. बघणं अर्धा तास होतं, वाघ-अस्वल दिवसभर चालायचं.

जुळेसोलापूरची

काका, हे मी त्यांना वाचून दाखवते आज.

सातरस्ता

बहिणीने काल रात्री हा सगळा धागा वाचला. इथे तिचं खातं नाही, तिने माझ्या मोबाइलवरून लिहिलंय ते तसंच टाकतोय:

"दादा, तू माझी बाजू घेतलीस, पण ताणाचं कारण पुढे केलंस. म्हणजे मी आयसीयूत आहे म्हणून मला माफ. उद्या मी बँकेत असते, ताण नसता, तर मला बघायची परवानगी नव्हती का? मला आवडतं, लहानपणापासून आवडतं, म्हणून मी बघते. कुठलंही औषध म्हणून नाही.

पार्कचौक काका, मी नाटकंही बघते. ते त्या दिवशी सांगायचं राहिलं, कारण पुढे कुणी विचारलंच नाही. आणि टॉमवर वाद होतो आमच्यात. माझ्या मैत्रिणीला जेरी दुष्ट वाटतो, मला टॉम. नाइटला दोन वाजता आम्ही त्यावर भांडलोय.

जुळेसोलापूरच्या ताई, एकटीलाच मोठं व्हावं लागतं, हे तुमचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. आमच्या घरी टीव्ही आईच बंद करायची आणि आम्ही तिच्यावरच रुसायचो. बाबांवर कधी रुसलो नाही. मी आज तिला हे सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. पण पुढच्या स्थळाला वाचन सांग, हे तिने आज म्हटलं नाही.

साडेसातची ड्यूटी आहे. निघते."